सुभद्राने मागितलेलं भेदरं

घाटंजी, १७ जानेवारी १९६१

आज शेजारच्या सुभद्राने आमच्या अंगणातलं भेदरं खाल्लं. अजून खरं वाटत नाही.

यांनी नागपूरहून बी आणलं होतं. हे टोमॅटो म्हणतात, मी भेदरंच. वांग्याएवढी मोठी, हळदीसारखी पिवळी. आम्ही बौद्ध झालो, तरी शेजाऱ्यांकडे आमच्या हातचं चालत नाही. मागे मी दिलेली भेदरं तिच्या सासूने गाईपुढे टाकली. आणि आज सुभद्रा स्वतः कुंपणाशी आली. सातवा महिना, चेहरा उतरलेला.

"वैनी, माह्यं मन तुमच्या भेदऱ्यातच अडकून राह्यलं. एक देता काय?"

"तुमच्या सासूबाई पाह्यतीन ना वो!"

"पाहू द्या. पोटातला जीव मागून राह्यला."

मी सगळ्यात मोठं तोडलं. धुवायला वळले, तर तिने हातातून ओढूनच घेतलं. न धुतलेलं! रस हनुवटीवरून गळत होता आणि ती हसत होती. न धुतलेलंच खाल्लं, अगदी माझ्यासमोर. मग पाणी मागितलं. गडवा पुढे करताना माझाच हात थांबला. वरून ओतू का? तिने गडवाच घेतला, तोंडाला लावला.

जाताना म्हणाली, "उद्याले बी एक ठेवजा."

दोन ठेवली आहेत.