फडताळावरचा फोन

तीर्थरूप आईला पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

मी ठणठणीत आहे. जहाजाच्या लाँड्रीत दिवसभर चादरींना इस्त्री करतो, त्यामुळे थंडी म्हणून वाजत नाही.

मंगळवारी तुझा फोन आला. "जेवलास का?" एवढं विचारलंस आणि नेहमीसारखा न कापताच फोन फडताळावर ठेवून दिलास. भर समुद्रात आलेला फोन घेतला तरी पैसे पडतात, म्हणून मी रोमिंग बंदच ठेवतो. त्या दिवशी नेमका विसरलो.

मी कापणारच होतो. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. मग तू ओरडलीस, "अहो, मिठाचा डबा पुन्हा कुठे ठेवलात?" हसू आवरेना. पण मग बाबा म्हणाले, "एक जिना चढलो तरी धाप लागते. पोराला कळवू नकोस, तिकडे त्याचा जीव टांगणीला लागेल."

बेचाळीस मिनिटं मी इस्त्री करत ऐकत राहिलो. त्यात अर्धा पगार गेला. इथला इलेक्ट्रिशियन म्हणाला, "वेड लागलंय का तुला?"

तू हळहळू नकोस. तुमच्यापैकी कुणी मला हे सांगितलं असतं का? तुझ्या त्या सवयीचे उपकारच म्हणायचे. बाबांना लगेच डॉक्टरांकडे ने. ताई येईल ना सोबत?

आता समुद्रात असताना फोन करू नकोस. बंदराला लागलो की मीच करेन, तिथे स्वस्त पडतो. बोलून झालं की तसाच फडताळावर ठेवून दे.

तुझा,
सगळं ऐकलेला धाकटा