बुवाची बायको

पोलादपूर,
नोव्हेंबर १९३३

प्रिय सहदेव,

लग्न झाल्यापासून मी तुला नावाने हाक मारलेली नाही. लहानपणी मिशनच्या आवारात चिंचा पाडताना मी तुला खुशाल ‘सहद्या’ म्हणायची. लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून तू ‘अहो’ झालास. पण दिवाळीनंतर परत आश्रमात निघालास, तेव्हा पायरीवर उभं राहून चारचौघांसमोर मला म्हणालास, “येतो, मैनाताई.” बहिणीने भावाला अहो-जाहो करायची रीत आपल्याकडे नाही. तेव्हा आता तू. वाईट वाटून घेऊ नकोस, ही मोकळीक तूच दिलीस.

आपल्या शकूचा खोकला थांबला. भात झोडून झालं, त्यामुळे पोरं पुन्हा शाळेत यायला लागली आहेत आणि शाळा मीच चालवते आहे. महिन्यातून एका रविवारी महाडहून पाळकसाहेब येतात. बाकीच्या रविवारी शास्त्रपाठ आणि प्रार्थना माझ्याकडे. बाकं पुन्हा प्रार्थनाघरात आणा, असं त्यांनी दोनदा बजावलं. मी आणली नाहीत. ती पडवीतच आहेत, शेजारच्या खैरुनबीच्या कोंबड्या त्यांवर बसतात. खैरुनबी रोज विचारते, भाईसाब कधी येणार. मी म्हणते, येतील. परवा तिने विचारायचं बंद केलं, आणि ते मला जास्त लागलं.

बाकांचं नाव निघालं म्हणून लिहिते. बाकं बाहेर काढली तो दिवस मी विसरलेली नाही, आणि तूही विसरू नकोस. महाडच्या तळ्यावर माणसं चालत गेली त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. दासगावचा भिकू कित्येक वर्षं आपल्या उपासनेला येत होता, तो एका रविवारी गीत संपायच्या आत उठला आणि दारात थांबून तुला म्हणाला, “मास्तर, तळ्यावर आमी आमच्या पायानं गेलो. हितं अजून सायबाच्या चालीवर गातो. हितं आमचं काय हाय?” त्यानंतर तू दोन दिवस जेवला नाहीस. मग म्हणालास, आपण प्रभूला बूट घालून या गावात आणलं आणि लोक दारात का घेत नाहीत म्हणून रडत बसलो. ते वाक्य ऐकून मला तुझा किती अभिमान वाटला होता! आपण दोघांनी मिळून बाकं उचलली, चटया अंथरल्या, चपला बाहेर काढायची चाल पाडली. टेबलावरचा कंदील काढून समई मी लावली. महाडच्या मंडळीतून तक्रारी गेल्या, ख्रिस्ताच्या घरात हा हिंदूंचा थाट कसला म्हणून, तेव्हा तुझ्या बाजूने मी बोलले. तुला गाणी रचता यायची, पण चाली सुचायच्या नाहीत. तू इंग्रजी चालीत मराठी शब्द कोंबायचास आणि मी हसायची. मग मी जात्यावर बसायची, आईच्या ओव्यांची चाल धरायची, आणि तू जात्याच्या कडेला मांडी घालून शब्द जुळवायचास. पीठ तुझ्या दाढीवर उडायचं. माझ्या आयुष्यात त्याहून सुखाचे दिवस नाहीत. म्हणून सांगते, मैनाला नवं काही रुचत नाही, असं आश्रमात कोणाला वाटत असेल तर त्याला सांग, की ते नवं अर्धं मैनाचं आहे.

मग तू घाट चढून वाईकडच्या त्या आश्रमात गेलास. पहिल्यांदा पंधरवडाभर. आलास तेव्हा तुझा चेहरा उजळला होता, आणि मला बरंच वाटलं. आपण इथे एकटे धडपडत होतो, तिकडे शिकली-सवरलेली माणसं तेच करताहेत, जमिनीवर बसताहेत, अभंग गाताहेत, म्हणून मीही खूश झाले. मग महिनाभर गेलास, मग चार महिने. पत्रं यायची. त्या पत्रांत हळूहळू एक शब्द बदलला. पूर्वी तू ‘आम्ही’ लिहायचास ते आपण दोघं असायचो. आता ‘आम्ही पहाटे ध्यानाला बसतो’, ‘आम्ही सूत काततो’, ‘आम्हाला वाटतं की भारतातला ख्रिस्त संन्याशाच्या वेषातच येईल’. मी ते पत्र हातात घेऊन चुलीपुढे बसायची आणि त्या ‘आम्ही’त कोण कोण आहे ते मोजायची. मी नव्हते.

दिवाळीत आलास तो भगव्या कफनीत, आणि सोबत त्या गोऱ्या बाई, ज्यांना तुम्ही सगळे करुणाताई म्हणता. मी त्यांच्यात खोट शोधली, सहदेव. खरं सांगते, फार शोधली. पण त्यांनी हाताने नाचणीची भाकरी खाल्ली, आपलं ताट आपण घासलं, शकूच्या केसांतल्या उवा काढल्या. एखादी तरी उणी गोष्ट सापडली असती तर मी सुखाने झोपले असते. दुसऱ्या दिवशी आपण सगळे डोंगरावरच्या कुडपण गावाला चढलो. तिथल्या चांगूच्या अंगणात माणसं जमली. तू बोललास, छान बोललास. मग त्यांनी टाळ घेतला आणि गायला लागल्या,

नको देवा मज परक्याची वाणी ।
माझिया अंगणी उतरावे ॥

शब्द तुझे, हे मला पहिल्या ओळीलाच कळलं. तुझा नवा अभंग मी पहिल्यांदा दुसऱ्या बाईच्या तोंडून ऐकला. आणि चाल? चाल माझ्या आईची होती. जात्यावर मी तुला दिलेली. चांगूची म्हातारी डोळे पुसत होती, सगळं अंगण डोलत होतं, आणि मी शकूला मांडीवर घेऊन देवाकडे मागत होते, की या बाईंचा सूर चुकू दे, एकदाच चुकू दे. चुकला नाही. तुझ्याकडे पाहिलं तर तू डोळे मिटून बसला होतास. लग्नात मी तुझ्या शेजारी उभी होते तेव्हासुद्धा तुझ्या तोंडावर तसं सुख नव्हतं.

उतरताना आपल्या मंडळीतली ठमाबाई माझ्याबरोबर मागे राहिली. तिचं वय झालंय, तिला कोणाची भीड नाही. म्हणाली, “गो मैना, तुझा दादला बुवा झाला, मग तू कोन झालीस? तू सवाशीन बी नाय आनि रांडाव बी नाय.” मी म्हटलं, आमच्यात असं नसतं, ठमाबाई. ती म्हणाली, “तुमच्यात नवतं, म्हनून तं तुमच्यात आलो होतो.”

आणि परत आल्यावर सकाळी तू मागल्या दारी आलास. मी वाल सोलत होते. तू उभ्या उभ्या सांगितलंस, की आता आपण भाऊ-बहीण म्हणून राहू, देवाचं बोलावणं आहे. तुझा आवाज इतका गोड होता! रागावून बोलला असतास तर मी भांडले असते. मी सोललेले वाल पुन्हा पुन्हा निवडत राहिले. तू गेल्यावर मी गुडघ्यांवर बसले, पण प्रार्थना येईना. सहदेव, करुणाताईंचं मी समजू शकते, त्या माणूस आहेत, उद्या आपल्या देशी जातील. पण मला ज्याचा हेवा वाटतो तो कुठेच जात नाही. सवत माणूस असती तर झिंज्या धरल्या असत्या. प्रभूशी कसं भांडू? ज्याच्यापाशी गाऱ्हाणं न्यायचं त्याच्याबद्दलच गाऱ्हाणं! कित्येक दिवस मी त्याच्यापुढे नुसती तोंड फिरवून बसले होते. आणि मनात दुसरीही एक जळजळ होती, ती कोणाला सांगता येत नाही. पहाटे एकटं बसून देवाचं नाव घ्यावं, असं मला नाही का वाटत? पण पहाटे शकूला लघवीला उठवावं लागतं, पाणी आणावं लागतं. तुझं ध्यान माझ्या घागरीवर चालतं, आणि पाया लोक तुझ्या पडतात.

आता आईचं सांगते. तू तिच्या मातीच्या वेळी फार सुंदर बोललास. रंगूबाईंना नवऱ्याने टाकलं आणि ख्रिस्ताने उचललं, असं म्हणालास. शिवथरला तिचा नवरा गोसाव्यांच्या नादाने घर सोडून गेला, एवढं तुला माहीत होतं. पुढचं आईने मला शेवटच्या आजारात सांगितलं, आणि मी आजवर कोणाला बोलले नव्हते. मी पाळण्यात होते. तो गेल्यावर वर्षभराने गोसाव्यांची एक टोळी गावात आली. त्यातला एक आईच्या दारात उभा राहिला. अंगाला राख, वर भगवी कफनी, डोक्याला जटा. आईने त्याला पुढच्या तुटक्या दातावरून ओळखलं. त्यानेही तिला ओळखलं होतं. तो म्हणाला, “माई, भिक्षा वाढ.” आपल्या बायकोला माई म्हणाला. आईने सुपातलं नाचणीचं पीठ त्याच्या झोळीत घातलं. त्याने पाळण्याकडे पाहिलं, “कल्याण हो” म्हणाला आणि पुढच्या दाराला गेला. गावातले लोक त्याच्या पाया पडत होते. आईला कोणी काही विचारलं नाही. त्याच आठवड्यात ती मला कडेवर घेऊन चालत महाडला मिशनमध्ये आली. पाद्रीसाहेब तिला त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा, समजावत होते. तिला ओ की ठो कळलं नाही. तिने एवढंच विचारलं, “तुमच्यात नवरा देवासाठी बायको टाकतो का?” साहेब म्हणाले, नाही. देवाने मारलेली गाठ माणसाने सोडायची नाही, असं आमच्यात आहे. आई म्हणाली, “मग घाला पाणी डोक्यावर.”

माझ्या आईचं सगळं धर्मशास्त्र एवढंच होतं, सहदेव. तुमच्या आश्रमात पुष्कळ पुस्तकं आहेत, त्यात ते कोणाला फारसं उंच वाटणार नाही. पण एका बाईने त्या एका उत्तरावर गाव सोडलं, भाऊबंद सोडले. आणि आज तिचाच जावई, ख्रिस्ताचं नाव घेऊन, तीच कफनी घालून तिच्या मुलीच्या दारात उभा राहतो.

गेल्या वर्षी तू शिवथरची घळ पाहून आलास आणि दोन दिवस समर्थांबद्दल बोलत होतास. समर्थ थोर होतेच. पण ते ‘सावधान’ ऐकून पळाले, अंतरपाट दूर व्हायच्या आधी. तू तर पाळकांनी विचारल्यावर ‘होय’ म्हणालास, तेही मागच्या रांगेला ऐकू जाईल असं. आपल्या मातीतलं घ्यायचं म्हणतोस ना? घे. समई घे, टाळ घे, ओवी घे, माझ्या आईची चालही ने, मी परत मागणार नाही. पण आपल्या मातीत आंबा येतो तसा विषारी काजराही येतो. माती आपली म्हणून काजऱ्याचं फळ कोणी मुलांच्या हातात देत नाही. भिकूने विचारलं होतं, इथे आमचं काय आहे. त्याला चाल हवी होती, मान हवा होता. बायको टाकायची मोकळीक त्याने मागितली नव्हती. ती या देशात पुरुषाला आधीपासून होती, ती द्यायला ख्रिस्ताने इतक्या लांब यायची गरज नव्हती.

तुझं पत्र येऊन आठवडा झाला. नाताळच्या दिवशी तू कायमची दीक्षा घेणार, आश्रमाच्या नियमाप्रमाणे बायकोची लेखी संमती लागते, आणि ती तुमचे आचार्य सर्व मंडळींसमोर वाचून दाखवणार. ती कशी लिहायची तेही तू कळवलंस, ‘आनंदाने आणि स्वखुशीने’ हे शब्द असावेत म्हणून. महाडच्या पाळकसाहेबांना कळलंय, ते म्हणतात साफ नाही म्हण, नाहीतर मंडळीतून दोघांचीही नावं काढू. त्यांच्या धाकाने मी काही करत नाही. मी परत प्रार्थनेला बसायला लागले आहे, आणि प्रभूला सरळ विचारलं, तुला हा माणूस माझ्याकडून हवा आहे का? हवा असेल तर माग, मी रडेन पण देईन. तो काही मागत नाही, सहदेव. मागतो आहेस तू. म्हणून संमती देत नाही, आनंदाने नाही आणि दुःखानेही नाही. सभेत वाचायला माझ्या हातचा कागद हवा होता ना? हाच वाच. आचार्यांना वाचायला देऊ नकोस, तू स्वतः उभा राहून वाच, आणि जिथे माझी लाज निघते तेही गाळू नकोस. मी जळते, हे त्यांना कळू दे. जळणारी बाई खोटंच बोलते असं काही नाही. आणि वाचताना तुझा आवाज कापला तर कापू दे.

तुझीच,
मैना