चमचा धरणारा हात

प्रिय ठमे,

त्या सकाळी केर काढून झाला होता, चादर बदलून आधीची बादलीत भिजत घातली होती, आणि मी तुझ्या बाबांना सूप भरवत होते. त्यांना ठसका लागला. तोंडातलं सगळं माझ्या चष्म्यावर, गालावर, ओठांवर उडालं. मी उठले, मोरीत जाऊन तोंड तीनदा धुतलं आणि तिथेच ओकले. परत आले तर ते भिंतीकडे बघत होते. त्यांच्या दोन्ही हातांतली ताकद जाऊन तेव्हा पाच महिने झाले होते.

तू विचारतेस, यंत्राचा हात घरी करायचा तर सामान कोणतं घ्यायचं. त्याच दुपारी मी वाचनालयातून दोन पुस्तकं आणली. निम्मं कळलं नाही, ते पुन्हा वाचलं. हार्डवेअरवाला म्हणाला, मावशी, नातवंडाच्या शाळेचं काम का? म्हटलं, नाही, नवऱ्याच्या जेवणाचं. तो हसला, मी नाही.

पहिला हात पुठ्ठ्याचाच कर. कापायला सोपा, मापं चुकली तर टाकून देता येतो. त्यावर भिस्त मात्र ठेवू नकोस. सुपाच्या वाफेने माझा दोन दिवसांत लोंबला आणि कुबट मारायला लागला. मग अ‍ॅक्रिलिक आणलं. दिसायला देखणं, पण कडेजवळ भोक पाडलं की तडकतं. अ‍ॅल्युमिनियमची पट्टी मजबूत, पण तिच्या वजनाने छोटी मोटर थरथरायची, तापायची, आणि चमचा बाबांच्या हनुवटीवर उपडा. शेवटी प्लायवुडवर आले. बुडाशी जाड लाकूड, जड मोटरी शक्य तेवढ्या तिथेच, पुढे तीन मिलिमीटरची प्लाय, टोकाला प्लास्टिकचा चमचा. टोकाकडे जितकं हलकं तितकं बरं, एवढं पक्कं ध्यानात ठेव. प्लायला दोनदा वार्निश लाव, नाहीतर सूप आत मुरतं. तो आंबूस वास मला अजून येतो. बटण मी त्यांच्या पायाच्या अंगठ्याखाली बसवलं होतं.

पहिल्या दिवशी त्यांनी कुणाच्या मदतीशिवाय अकरा चमचे खाल्ले. लोक बघायला आले. तुझी आत्या रडलीच. काय माया, काय सेवा, म्हणे! मला स्वतःची शिसारी आली. त्या हातात मायेचा एक स्क्रू नव्हता, ठमे. मला तीन फुटांवर उभं राहता यावं म्हणून मी तो केला होता. ते हे ओळखून होते. लोक गेल्यावर म्हणाले, बरं झालं, आता तुला जवळ यायला नको. आवाजात राग असता तर मी भांडले असते.

ते गेल्याला दोन वर्षं झाली. तो हात कपाटावर आहे. तो मागू नकोस, मी देणार नाही.

तुला हात कशाला हवा ते तू लिहिलं नाहीस. पण तुझ्या सासूबाईंना आता भरवावं लागतं, हे जावईबापूंनी मला फोनवर सांगितलं, आणि तुझ्या चार पानांत त्यांचा साधा उल्लेख नाही. हात जरूर कर. आपलं आपण खाताना माणसाचा चेहरा कसा होतो ते मी पाहिलंय. किळस येते म्हणून स्वतःला वाईट ठरवू नकोस. मला शेवटपर्यंत येत होती. फक्त हात झाला की खोलीबाहेर पडू नकोस, हे सांगायला एवढं लिहिलं. बाबांच्या आजारपणात मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या चार घास गिळत असे. आता तुला जवळ यायला नको, असं बाबा बोलले त्याच्या दुसऱ्या दिवशी, हात त्यांना भरवत असताना, मी माझी ताटली घेऊन त्यांच्याशेजारी बसले आणि जेवले.

तुझीच,
आई