चौघांची संमती

साउथहॅम्प्टन, २ मार्च २०२५

चि. अनुयास अनेक आशीर्वाद.

युरोपियन युनियनच्या करारांवरचा तू युनिव्हर्सिटीसाठी लिहिलेला रिपोर्ट सावकाश वाचला. एकेका देशाचा नकाराधिकार काढायचा म्हटलं तरी सत्तावीसही देशांचा होकार लागतो, हे वाचून आपलंच घर आठवलं. तुम्ही लहान असताना मीच हौसेनं नियम केला होता, मोठा निर्णय चौघांच्या संमतीनं. तुला समुद्र हवा, अर्णवला डोंगर. एक अख्खा उन्हाळा आपण घरीच बसलो आणि तुझी आई हसत राहिली.

आता विषय घराचाच आहे. बर्मिंगहॅमला अर्णवच्या जवळ तळमजल्यावरचा फ्लॅट मिळतोय. इथे बाथरूम वर, आणि आईला जिना चढवणं मला झेपत नाही. परवा आम्ही दोघं मधल्या पायरीवरच अडकलो, शेजारी येईपर्यंत. अर्णवचा होकार आहे, तू अडून बसली आहेस. रिपोर्टात अडवणाऱ्या देशांना चांगलं फैलावर घेतलंयस, म्हणून विचारतो.

कळव, आणि राग धरू नकोस.
बाबा

ईलिंग, ९ मार्च

ती. बाबांना शि. सा. न. वि. वि.

तुमचा टोमणा लागला. दिवसभर मूड ऑफ होता, मग रडले. आईनं मला शेवटचं ओळखून नावानं हाक मारली ती त्या किचनमध्ये. घर गेलं की तेसुद्धा जाईल, असं वाटतं. अडवणारा देशही असंच काही धरून बसत असेल. ते मी रिपोर्टमध्ये लिहिलंच नाही.

माझा होकार आहे. पण एस्टेट एजंटला फोन करण्याआधी आईला विचारा. नियम चौघांचा आहे.

आईला माझा पापा. तुमची माया असू द्या.
अनुया

साउथहॅम्प्टन, १६ मार्च

चि. अनुयास अनेक आशीर्वाद.

तुझा होकार पोचला, जीव हलका झाला. आईला काय कळणार, असं धरून मी चाललो होतो. काल चहा देताना विचारलं, हे घर सोडून अर्णवजवळ राहायला जाऊ या का. तिनं माझ्याकडे नीट पाहिलं आणि नाही म्हणाली. दिवाळीपासून तिच्या तोंडून धड शब्द आला नव्हता. पुन्हा विचारलं, तर पुन्हा नाही.

अर्णव फोनवर म्हणाला, आईचं मत आता धरायचं नसतं, नियम बदला. तो बदलायलाही चौघं लागतात. तिला वगळून आपण तिघांनी बदलायचा, म्हणजे ती आता आपल्यात नाही यावर सही करायची. माझ्या हातून ते होणार नाही.

फ्लॅट नको म्हणून कळवलं. तिचा आवाज ऐकून मला इतका आनंद झाला होता की आता इथून सुटका नाही, हे सकाळी कळलं.

आहेस तशीच आमची राहा.
बाबा