पाचव्या रायफलचा बोल्ट

१२ एप्रिल २००३, शनिवार

पोहोचलो एकदाचा, आणि चक्क खुशीत आहे. तालुक्याच्या सावली गावाहून जीपनं निघालो तेव्हा ड्रायव्हर म्हणाला होता की कवठबोडीत बघण्यासारखं काहीच नाही. मूर्ख आहे. गावाबाहेर मोठा मामा तलाव, म्हणजे जुन्या मालगुजाराचा, जमीनदाराचा; त्याच्या मातीच्या पाळीवर मोहाची झाडं आणि पाळीच्या टोकाला पाटबंधाऱ्याची जुनी चौकी. दोन खोल्या, एक लांब हॉल. खिडकीत उभं राहिलं की अख्खी पाळ दिसते. एक मे रोजी इथं जुन्या शस्त्रांच्या हौशी मंडळींच्या संस्थेचं शस्त्रसंग्रहालय उघडायचं आहे आणि ते उभं करण्याचं काम माझं.

एकतीस वर्षं खडकीच्या लष्करी वर्कशॉपात बंदुका दुरुस्त केल्या. बढत्या मिळाल्या त्या जीभ चालवणाऱ्यांना. मला निरोपाच्या दिवशी भिंतीवरचं घड्याळ मिळालं, तेही मागे पडणारं. घरी मुलगा आणि सून टीव्हीच्या आवाजाखेरीज दुसऱ्या विषयावर माझ्याशी बोलत नाहीत. म्हणून संस्थेच्या अध्यक्षांचं पत्र आलं, की रिसबूड, तुमच्यासारखा हात दुसऱ्या कुणाचा नाही, तेव्हा खोटं कशाला बोलू, डोळे भरून आले.

हॉलमध्ये नऊ पेट्या आहेत. सगळ्या थ्री-नॉट-थ्री. महायुद्धानंतर लष्करानं मोडीत काढलेल्या, मालगुजारांनी हौसेनं घेतलेल्या आणि पुढं सरकारजमा झालेल्या. नळीत पोलाद ठोकून आणि बार उडवणारी फायरिंग पिन काढून त्या आता निकामी केल्या आहेत. बघायच्या, हाताळायच्या, बस. उद्यापासून एकेक उघडणार.

१४ एप्रिल

सात रायफली झाल्या. गंज काढला, दस्त्यांना जवसाचं तेल पाजलं. सावलीचे गफ्फारभाई मदतीला येतात. कुलपं आणि शिलाई मशिनी दुरुस्त करतात, पण त्यांचे वडील ठासणीच्या भरमार बंदुका बनवायचे, त्यामुळे लोखंडाची समज रक्तात आहे. वरची कामं इस्तारी करतो. साठीचा ढिवर, तलावात मासे धरतो, शिंगाडे लावतो. बायको गोकुळाबाई माझा डबा देते. मुलगी दामिनी बारावी झालेली आहे, अक्षर सुरेख; तिला रजिस्टर लिहायला बसवलंय.

पाचव्या पेटीनं मात्र माझा दिवस नासवला. रायफल नामी आहे, अक्रोडाचा दस्ता, एक चीर नाही. पण बोल्टच नाही, गोळी नळीत सरकवून मागचं तोंड बंद करणारा दांडा! आमच्या छंदात रायफलच्या अंगावरचा आणि बोल्टवरचा नंबर एक असेल तरच ती अस्सल. दुसरा बोल्ट बसवता येतो, पण ते म्हणजे दुसऱ्याची कवळी घालून हसण्यासारखं. उद्घाटनाला पुण्याहून जाणकार येणार, आणि ते पहिल्यांदा नंबर बघणार. माझे जुने साहेबही त्यांत आहेत.

१७ एप्रिल

बोल्टचा पत्ता लागला. तलावात आहे.

इस्तारीनं सांगितलं, तेही मी तीनदा खोदून विचारल्यावर. एकोणपन्नास साली ही रायफल इथल्या मालगुजाराच्या शिपायाकडं होती. तलाव मालगुजाराचा, मासे ढिवरांनी धरलेले. भर दुपारी एक वाजता शिपायानं या पाळीवरून सहा जण मारले. त्यांत इस्तारीचा बाप होता. सात वर्षांचा इस्तारी लव्हाळ्यात नाकापर्यंत पाण्यात बसून राहिला म्हणून वाचला. शिपाई शेवटपर्यंत शपथा घेत होता की मी जेवून झोपलो होतो, मला काही ठाऊक नाही. काय पण बचाव!

या गावची रीत अशी, की जीव घेतलेलं लोखंड अखंड ठेवायचं नाही. कुऱ्हाड असेल तर दांडा जाळायचा, पातं तलावाला द्यायचं. दोन तुकडे करायचे ते मेलेल्याच्या घरच्यांनी. रायफल सरकारनं नेली, पण त्याआधी इस्तारीच्या आईनं बोल्ट काढून घेतला आणि तलावाच्या एका कोपऱ्यात टाकला. दर उन्हाळ्यात तलाव आटतो, सगळा गाव मासे धरायला चिखलात उतरतो, पण तो एक कोपरा सोडून. तिथं कुणी जाळं टाकत नाही. इस्तारी म्हणाला, "सायेब, ते लोखंड जोडू नोका. ते अर्धं हाय म्हणून निजून हाय."

चौपन्न वर्षं एक कोपरा मासे न धरता सोडायचा! या लोकांची कीव करावी की कौतुक, कळत नाही.

१९ एप्रिल

जे केलं ते लिहून ठेवतो. इस्तारीला म्हटलं, बोल्ट मिळाला तर दामिनीला संग्रहालयात कायमची नोकरी लावून देईन. नाहीतर माझ्या हातात काही नाही. खरं तर दोन्ही माझ्या हातात नव्हतं. मग उठून त्यानं कोपरा दाखवला, स्वतः उतरला नाही.

मी गुडघाभर चिखलात तीन तास खणलं. हाताला लागला तेव्हा ओरडलोच. नंबर तोच! आणि गंजाचा ठिपका नाही. खालच्या चिकणमातीत हवा पोहोचत नसणार. दुसरं कारण मला सुचत नाही.

२१ एप्रिल

नियमाप्रमाणं आतली जुनी फायरिंग पिन काढून टाकली आणि बोल्ट बसवला. आत सरकून खाली वळला तेव्हा जो आवाज झाला, तो ऐकायला मी आयुष्य घातलंय. गफ्फारभाई खूश झाले नाहीत. म्हणाले, "रिसबुडसाब, मी असतो तं नसता लावला. ज्याची चीज त्याले राहू द्याची होती." इस्तारी हॉलमध्ये यायचा बंद झालाय, ओसरीतूनच काम विचारतो. दोघांची तोंडं बघून माझाच आनंद आंबला. एकाला म्हणून दुसऱ्याचं बरं बघवत नाही.

उजवा खांदा दुखतोय. खणण्याचं वय राहिलं नाही.

२३ एप्रिल

दुपारी जेवून पडलो. उठलो तर हॉलमध्ये पाचव्या रायफलखाली काडतुसाची एक रिकामी पुंगळी. बुडाला सन चव्वेचाळीसचा शिक्का. उचलली तर कोमट होती. उन्हानं, अर्थात.

तासाभरानं इस्तारी सांगत आला की त्याच्या भावाची म्हैस पाळीवर मरून पडली, मानेत भोक आहे. त्याला वाटलं मी घाबरेन. मी पुंगळी त्याच्यापुढं टाकली आणि म्हटलं, हे असले खेळ माझ्याशी नकोत. त्यानं पुंगळीला हातही लावला नाही. फक्त हात जोडून म्हणाला, बोल्ट परत द्या, आत्ता द्या, मी जागेवर ठेवून येतो.

मी सांगितलं, एक मेनंतर. आठ दिवसांत काय आकाश कोसळणार आहे?

खांदा जास्तच दुखतोय.

२५ एप्रिल

काल आणखी एक पुंगळी. आज तिसरी. रोज मी दुपारी झोपलेला असतानाच.

गफ्फारभाईंनी रायफल खिडकीशी नेली आणि नळीतून पाहिलं. मग मला दाखवलं. आरपार उजेड. ठोकलेलं पोलाद कुठंच नाही. बोल्टमध्ये नवी कोरी फायरिंग पिन. त्यांनी माझ्या पकडीच्या टेबलाखाली पोलादाचा ताजा कीस दाखवला आणि विचारलं, पिन केव्हा बनवली? मी म्हटलं, मी बनवली नाही. ते माझ्या बोटांकडं बघत राहिले. बोटांवर कानशीचे ओरखडे होते.

म्हणाले, घरी लेकरंबाळं आहेत, उद्यापासून येणार नाही.

ती पिन सुंदर बनवलेली आहे. इतकी नेमकी पिन या भागात दुसऱ्या कुणाला जमणार नाही. मला हे लिहायला नको होतं.

२७ एप्रिल, रविवार

इस्तारी गेला.

दुपारी एकच्या सुमारास. डोंग्यात बसून शिंगाड्यांचे वेल काढत होता. छातीत गोळी. डोंगा आपोआप काठाला लागला.

सावलीहून पोलीस आले, पंचनामा झाला. शिकाऱ्यांची चुकलेली गोळी, असं ठरलं. हॉलमध्येही डोकावून गेले. रजिस्टरात दामिनीच्या सुरेख अक्षरात लिहिलेलं आहे, ‘रायफली नऊ, सर्व निकामी.’ खाली माझी सही. त्यांनी ते वाचलं, चहा घेतला आणि गेले. एकालाही रायफल उचलून बघावीशी वाटली नाही. मीही बोललो नाही. लाज वाटते, पण नाही बोललो.

पुंगळी रात्रीपर्यंत माझ्या खिशात होती. ती तिथं कशी आली ते माहीत नाही.

२८ एप्रिल

प्रेताला खांदा द्यायला गेलो. उजवा खांदा लावता येईना.

परतताना दामिनी माझ्याजवळ आली. रडत नव्हती. हळूच म्हणाली, "सायेब, मी काल पाळीवर होतो. खिडकीत तुमीच होते. मी हात केला तं तुमी मले पायलं नाई. बाबाले काऊन मारलं?"

मी सांगितलं की मी जेवून झोपलो होतो, मला काही ठाऊक नाही.

सांगितलं आणि मग ऐकू आलं मी काय बोललो ते.

आरशात पाहिलं. खांद्यावर काळंनिळं. दस्त्याच्या बुडावरच्या पट्टीचा आकार स्पष्ट आहे, दोन स्क्रूंच्या खुणांसकट.

२९ एप्रिल

बोल्ट निघत नाही. हातोडा, तेल, आच. एकतीस वर्षांची विद्या, आणि तो केसभर हलत नाही.

ग्रामपंचायतीच्या फोनवरून अध्यक्षांना सांगितलं, पाचवी रायफल ताबडतोब न्या, तिच्यानं माणूस मेलाय. ते हसले. पत्रिका वाटून झाल्या आहेत म्हणाले. एक मेनंतर बघू.

मग साडेअकराची एसटी धरली. वळकटी घेतली आणि बसलो. पळून जायचं एवढंच डोक्यात. त्यानंतरचं आठवत नाही. भानावर आलो तो पाळीवर उभा, वळकटी पायाशी सोडलेली, रायफल हातात. समोर गावची बाई कपडे धूत होती. बार उडाला नव्हता. एकाला दोन मिनिटं कमी होती — मी तिला ओरडून हाकललं. ती मला वेडा म्हणाली.

वेडाच असतो तर किती बरं झालं असतं.

३० एप्रिल, सकाळ

गोकुळाबाईंना निरोप धाडला. रीत खरी असेल तर हे लोखंड त्यांच्याच हातानं सुटेल. मी कबूल करीन. पाया पडेन. नऊला या म्हटलंय, हातात घेऊन तलावात टाका. दामिनीलाही आणा.

दहा वाजले.

अकरा.

आज तिसरा दिवस आहे. राख सावडायला गेल्या असणार, नदीवर. माझ्या लक्षातच — मी सगळं विसरतो, फक्त रायफलीचे नंबर विसरत नाही.

बारा. दार आतून लावलं, किल्ली खिडकीतून तलावात फेकली. रायफल भिंतीवर आहे. इथून सहा पावलं.

साडेबारा. एक कळलं. लिहीत असलो की हात माझे असतात. मघाशी पेन ठेवलं आणि — रायफल भिंतीवर नव्हती. मांडीवर होती. आता मेजावर आहे. पेन सोडायचं नाही.

पावणेएक. त्या येताहेत.

पाळीच्या त्या टोकाला. दामिनी पुढं, मागं गोकुळाबाई, ओल्या लुगड्यानं. नदीवरून थेट इकडं. मी बोलावलं म्हणून.

ओरडलो. परत जा म्हणून ओरडलो. गोकुळाबाईंना वाटलं हाक मारतोय. त्यांनी हात वर केला. पावलं उचलली भराभर.

डावा हात रायफलीच्या पट्ट्यानं मेजाच्या पायाला बांधलाय, दातांनी गाठ मारली — उजवा पेनावर. लिहितोय. काहीही लिहितोय. इस्तारी, मला माफ — नाही, माफ करू नकोस, त्यांना थांबव फक्त —

एकाला चार मिनिटं कमी.

मोहाच्या तिसऱ्या झाडापाशी आल्या. दामिनी थांबली. डोळ्यांवर हात धरून खिडकीकडं बघतेय. तिला दिसलं. पळ पोरी. आईला घे, झाडामागं — ती आईला मागं ढकलून स्वतः पुढं उभी — नको, अशी नको, खाली बस —

गाठ सैल होतेय. मी सोडत नाहीये. मी नाही. उजवा अजून पेनावर आहे, उजवा अजून