बाबांच्या पितळी यंत्राचा निकाल

तीर्थस्वरूप दादास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे तूर्त कागदावरच). तुझे गुडघे, वहिनींचा खोकला आणि बाबांचं भिंतीवरचं घड्याळ, सगळं ठीक आहे ना? घड्याळाचं आपलं सहज विचारलं. वाटणीत ते तू घेतलंस आणि खणातलं पितळी यंत्र मी, यात मला आजही फसल्यासारखं वाटत नाही. "घड्याळ कोणीही ओळखतं, याला पारख लागते," असं मी चारचौघांत म्हणालो होतो. वहिनींना ते वाक्य अजून पाठ असल्याचं कानावर येतं.

म्हणून यंत्राचा उपयोग हुडकणं भाग पडलं. तू ते नीट पाहिलंच नाहीस: वीतभर लांबीची, चंद्रकोरीसारखी वाकलेली पट्टी, मधोमध शून्य, दोन्हीकडे पाचपर्यंत आकडे, टोकांना एकेक भोक. शेजारच्या दंतवैद्यांनी ते माझ्या ओठांना लावून आ करायला सांगितलं आणि यंत्राबद्दल अवाक्षर न काढता एक दाढ काढली. शिंप्याने ते मानेमागे धरून माझा डावा खांदा दोन आकडे खाली असल्याचं जाहीर केलं. तेव्हापासून मी तो उचलून चालतो (कंबर त्यातच धरली). निवृत्त मोजणीदारांनी ते फरशीवर ठेवून आमचं घर पूर्वेला कलल्याचा निर्वाळा दिला, तेव्हा आम्ही कपाट पश्चिमेच्या भिंतीला नेलं. (म्हणजे हिने नेलं, मी आकडे वाचत होतो.) कपाट टेकवून ही म्हणाली, "आता भाऊजींना देऊन टाका ते आणि सुटा एकदाचे!" हिला शास्त्राची गोडी नाही.

एकंदरीत मी समाधानी आहे. घड्याळ तुला लखलाभ.

तुझा आज्ञाधारक,
धाकटा

ता. क. काल घड्याळजीने यंत्र हातात घेताच ओळखलं. ते भिंतीवरच्या घड्याळाच्या पेटीत, लंबकाखाली बसवतात. लंबक दोन्हीकडे सारखा झुलतो का, ते त्यावर दिसतं. यंत्र नसलं, तर घड्याळ तिरकं टांगलेलं कळत नाही आणि सारखं बंद पडतं. तुझ्या पेटीत दोन रिकामी भोकं आहेत का, बघ. असली तर घड्याळ इकडे घेऊन ये. यंत्र नाजूक आहे, त्याला प्रवास सोसायचा नाही.

ता. क. २. पत्र टपालात टाकायला हिच्याकडे दिलं होतं. हिने ते वाचलं. यंत्र सोबतच्या पार्सलात आहे. गाठी हिने मारल्यात. मी तासभर झटलो, एक सुटली नाही.