सोनीचा पुढचा दात

कळस, गुरुवार, २१ नोव्हेंबर १९९६

आज सोनीला दातांच्या डॉक्टरांकडं बारामतीला नेऊन आणलं. चार वर्षांची पोर. दिवाळीत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर तोंड आपटलं आणि वरचा पुढचा दात मुळासकट निघाला. डॉक्टर म्हणाले, नवा दात यायला सातवं वर्ष उजाडेल. तोवर दाढांना तार बसवून खोटा दात लावता येतो, आणि नाही लावला तरी काही बिघडत नाही. मग ठरवायचं कुणी?

घरी आल्यावर हे म्हणाले, "येईल की आपोआप. एवढ्याशा पोरीच्या तोंडात तार कशाला?" यांचं काय, दिवसभर रानात. हसताना ती तोंडावर हात धरते, ते मला दिसतं. त्या हातामुळंच तर मी डॉक्टरांना हो म्हणून आले. पुढच्या गुरुवारी माप द्यायचंय. पण हा हात दात पडल्यावरच आला का? की आधीपासून होता? आठवतच नाही.

संध्याकाळी मामंजी ओट्यावर बसून तिला शेळीचा आवाज काढून दाखवत होते. सोनी खुदकन हसली आणि हात तोंडावर. राहवेना, तिला आत नेऊन विचारलं, "दात न्हाय म्हणून झाकतीस व्हय?"

"न्हाय. आबा हायत की तितं. तू बी झाकतीस."

खरंय. लग्न झाल्यापासून त्यांच्यासमोर मी तोंडाला पदर लावूनच हसते. आणि माझे तर सगळे दात शाबूत आहेत.